प्रोसेस, फास्ट की सीईएफ: राउटरमधील पॅकेट स्विचिंगच्या तीन पद्धतींचे परीक्षण

मोठ्या संस्थेच्या नेटवर्कसाठी राउटर निवडताना चर्चा बहुतेक वेळा पोर्टची संख्या, राउटिंग प्रोटोकॉल आणि परवाने यांच्याभोवती फिरते. एका इंटरफेसवर (जोडणीच्या टोकावर) आलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, दुसऱ्या इंटरफेसवरून बाहेर काढण्याचे काम तो राउटर आतल्या आत कोणत्या मार्गाने करतो, हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक राउटरच्या दिवसभराच्या कामाचा जवळजवळ सगळा भार याच एका कामाचा असतो. सिस्कोच्या आयओएस या प्रणालीत त्यासाठी प्रोसेस स्विचिंग, फास्ट स्विचिंग आणि सिस्को एक्सप्रेस फॉरवर्डिंग, म्हणजे सीईएफ, अशा तीन पद्धती एकामागून एक आल्या, आणि जुन्या-नव्या यंत्रांची सरमिसळ असलेल्या नेटवर्कमध्ये या तिन्हींशी आजही गाठ पडते. निकाल आधीच सांगून टाकतो: निवड सीईएफची करावी, याबद्दल आता वाद उरलेला नाही. मात्र सीईएफ चालू केली म्हणजे प्रत्येक पॅकेट सीईएफच्याच मार्गाने जाते असे नाही, आणि या परीक्षणाचा बराचसा भाग त्या फरकाविषयी आहे.

प्रत्येक पॅकेटमागे राउटरला काय करावे लागते, ते आधी पाहू. गंतव्य पत्त्याशी सर्वाधिक लांबीने जुळणारा मार्ग शोधायचा, त्या मार्गाचा पुढचा टप्पा म्हणजे नेक्स्ट हॉप कोणत्या इंटरफेसवर आहे ते ठरवायचे, त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) मिळवायचा, टीटीएल (उरलेल्या टप्प्यांची मोजणी) एकने कमी करायचा, हेडरचा चेकसम (चूक ओळखण्याचा आकडा) दुरुस्त करायचा, जुने लेयर २ हेडर (एका दुव्यापुरता पत्त्याचा मजकूर) काढून नवे लावायचे आणि पॅकेट बाहेरच्या रांगेत ठेवायचे. काम साधे आहे. अडचण वेळेची आहे. १ गिगाबिट इथरनेटवर ६४ बाइटच्या लहानात लहान फ्रेम सलग येत राहिल्या तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार होते, म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६७२ नॅनोसेकंद येतात. १० गिगाबिटवर हाच हिशेब ६७ नॅनोसेकंदांवर उतरतो. प्रत्यक्षातील वाहतूक इतकी टोकाची क्वचितच असते, परंतु आवाजाची पॅकेट्स, डीएनएसच्या विचारणा आणि टीसीपी या, माहिती पोहोचल्याची खात्री करणाऱ्या प्रोटोकॉलच्या पोचपावत्या लहानच असतात. त्यामुळे राउटरची क्षमता मेगाबिटमध्ये न विचारता सेकंदाला किती पॅकेट्स, अशी विचारावी.

प्रोसेस स्विचिंग ही मूळ पद्धत. पॅकेट आले की इंटरफेस प्रोसेसरला इंटरप्ट देतो, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष द्यायला लावतो, पॅकेट मेमरीत ठेवले जाते आणि ‘आयपी इनपुट’ नावाच्या प्रोसेसच्या रांगेत लागते. कामांचा क्रम लावणारा शेड्यूलर त्या प्रोसेसला वेळ देईल तेव्हा राउटिंग टेबलात शोध होतो. नेक्स्ट हॉप थेट जोडलेला नसेल, तर त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा शोध होतो. नंतर एआरपी टेबल (आयपी पत्त्यांचे मॅक पत्ते नोंदवणारा तक्ता) पाहिले जाते आणि मग हेडर बदलले जाते. पुढचे पॅकेट त्याच ठिकाणी जाणारे असले तरी ही सगळी वाट पहिल्यापासून चालावी लागते. याची किंमत सिस्कोने स्वतःच्याच आकड्यांतून दाखवली आहे. शाखा-कार्यालयांत एकेकाळी सर्रास दिसणाऱ्या २८११ या राउटरची क्षमता ६४ बाइटच्या पॅकेट्ससाठी प्रोसेस स्विचिंगने सेकंदाला ३ हजार, तर सीईएफने १ लाख २० हजार अशी दिलेली होती. यंत्र तेच आणि प्रोसेसरही तोच, तरीही कामाच्या पद्धतीमुळे चाळीसपट अंतर पडते. इतके मोठे अंतर नवा राउटर विकत घेऊनही सहसा मिळत नाही.

या पद्धतीच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जात. समान खर्चाचे दोन मार्ग असतील तर ती एक पॅकेट इकडे आणि एक तिकडे अशी चोख विभागणी करते, आणि ‘डीबग आयपी पॅकेट’ या आज्ञेला फक्त याच मार्गाने जाणारी पॅकेट्स दिसतात. दुसऱ्या कारणापायी, बिघाड शोधताना इंटरफेसवर ‘नो आयपी रूट-कॅशे’ लिहून सगळी वाहतूक मुद्दाम हळू मार्गावर आणण्याची सवय अनेकांना लागली. भर कामाच्या वेळी मुख्य दुव्यावर असे करणे म्हणजे एक बिघाड शोधण्यासाठी दुसरा निर्माण करणे होय. आयओएसच्या १२.४(२०)टी या आवृत्तीपासून राउटरमध्येच पॅकेट पकडून ठेवण्याची सोय आली, त्यामुळे हे निमित्तही संपले.

फास्ट स्विचिंगची कल्पना चतुर आहे. एखाद्या ठिकाणी जाणारे पहिले पॅकेट प्रोसेस स्विचिंगने जाते. त्या वेळी निघालेले उत्तर, म्हणजे बाहेरचा इंटरफेस आणि लावायचे लेयर २ हेडर, कॅशेत, म्हणजे चटकन वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात, लिहून ठेवले जाते. पुढची पॅकेट्स ती नोंद वाचून इंटरप्ट चालू असतानाच निघून जातात आणि शेड्यूलरची वाट पाहत नाहीत. लहान व स्थिर नेटवर्कमध्ये, जिथे ठरावीक यंत्रे ठरावीक सर्व्हरशीच बोलतात, तिथे ही पद्धत उत्तम चालत असे, आणि तिच्याविषयीचा जुना आदर त्याच काळातला आहे.

पण तिचे वैगुण्य तिच्या मूळ गृहीतकातच आहे. कॅशे मागणीनुसार भरते, म्हणजे ती किती मोठी होईल आणि किती वेळा चुकेल हे राउटरचा मालक ठरवत नाही, तर येणारी वाहतूक ठरवते. राउटिंग टेबलात बदल झाला किंवा एआरपीची नोंद बदलली की संबंधित नोंदी रद्द कराव्या लागतात आणि त्या पुन्हा भरण्यासाठी पहिले पॅकेट पुन्हा हळू मार्गाने न्यावे लागते. काहीही बदलले नाही तरी शिळ्या नोंदी साचू नयेत म्हणून दर मिनिटाला कॅशेचा विसावा हिस्सा यदृच्छया काढून टाकला जातो. एखादा दुवा वारंवार पडू-उठू लागला तर नोंदी रद्द होणे आणि नव्याने भरणे यातच प्रोसेसर गुंततो. आणि राउटिंग प्रोटोकॉलला स्थिर होण्यासाठी नेमका त्याच वेळी प्रोसेसर हवा असतो. म्हणजे नेटवर्क अस्थिर असताना ही पद्धत अस्थिरतेत भर घालते. एंटरप्राइझ नेटवर्कसाठी याहून वाईट गुणधर्म माझ्या लेखी दुसरा नाही.

२००१ च्या जुलैत कोड रेड या वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) हे वैगुण्य सर्वांसमोर आणले. बाधित सर्व्हर यदृच्छया पत्ते निवडून त्यांच्याकडे जोडणी मागत होते, म्हणजे बहुतेक पॅकेट नव्या ठिकाणी जाणारे होते. अशा वाहतुकीत पहिलेच पॅकेट शेवटचेही असते. कॅशेचा लाभ शून्य, आणि भरत जाणाऱ्या नोंदींनी मेमरीही संपते. ज्या राउटरांचा त्या सर्व्हरांशी काही संबंध नव्हता, केवळ वाटेत असल्यामुळे जे भरडले गेले, त्यांच्यासाठी सिस्कोने दिलेल्या सल्ल्यात सीईएफ चालू करणे हा एक मुख्य उपाय होता. २००३ च्या जानेवारीतील स्लॅमरने तोच प्रकार अधिक वेगाने घडवला. हा धडा एकट्या सिस्कोचा नाही. लिनक्सच्या कर्नलमध्येही आयपीव्ही४ मार्गांची अशीच कॅशे होती आणि मुद्दाम विखुरलेले पत्ते पाठवून ती निकामी करता येत असे. २०१२ मध्ये आलेल्या ३.६ आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. आयओएसमधूनही १२.४(२०)टी पासून आयपीसाठी फास्ट स्विचिंगचा मार्ग गेला. त्याहून जुनी आवृत्ती चालवणाऱ्या यंत्रांवर ती निवडता येते, एवढेच तिच्याविषयी आज म्हणता येईल.

सीईएफ ने प्रश्नच उलटा घातला. पॅकेट आल्यावर उत्तर शोधून ते साठवण्याऐवजी, मार्ग शिकताक्षणीच उत्तर तयार ठेवायचे. त्यासाठी दोन तक्ते असतात. पहिला फॉरवर्डिंग इन्फर्मेशन बेस, म्हणजे एफआयबी. राउटिंग टेबलातील प्रत्येक मार्ग त्यात असतो, आणि बीजीपीचा (इंटरनेटवरील संस्थांमध्ये मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) नेक्स्ट हॉप दुसऱ्या एखाद्या मार्गाने गाठायचा असेल तर ती गुंतागुंत आधीच सोडवून ठेवलेली असते. दुसरा ॲडजेसन्सी तक्ता. प्रत्येक शेजाऱ्यासाठी लावायचे लेयर २ हेडर त्यात तयार असते, इथरनेटसाठी ते १४ बाइटचे असते. सॉफ्टवेअरमधील एफआयबीची रचना मूळ मांडणीत प्रत्येक पायरीवर २५६ फांद्या असलेल्या झाडासारखी आहे. ३२ बिटांचा पत्ता आठ-आठ बिटांनी वाचत गेल्यास जास्तीत जास्त चार पायऱ्यांत उत्तर मिळते, मग तक्त्यात शंभर मार्ग असोत की पाच लाख.

पहिल्या पॅकेटला आणि हजाराव्या पॅकेटला तोच मार्ग मिळतो, हा या पद्धतीचा सर्वांना ठाऊक असलेला गुण. मला तिचा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो: मार्ग आणि हेडर वेगवेगळे ठेवल्यामुळे बदलाची किंमत घटते. एका शेजारी राउटरचे कार्ड बदलले आणि त्याचा मॅक पत्ता नवा झाला, तर त्याच्यामागचे हजारो मार्ग जागच्या जागी राहतात आणि ॲडजेसन्सीची एकच नोंद दुरुस्त होते. फास्ट स्विचिंगमध्ये हेडर प्रत्येक नोंदीत चिकटलेले असल्यामुळे त्या सगळ्या नोंदी टाकून द्याव्या लागत. पॅकेट्सना लेबल लावून नेणारे एमपीएलएस, स्रोत पत्त्याची उलट तपासणी करणारे यूआरपीएफ आणि ॲप्लिकेशन ओळखणारे एनबार ही वैशिष्ट्ये तर सीईएफशिवाय चालतच नाहीत. त्यामुळे ती हवी असतील तर पद्धत निवडण्याचा प्रश्नच मिटतो. आयओएसच्या १२.० च्या पिढीपासून सीईएफ हळूहळू बहुतेक यंत्रांवर मुळातच चालू येऊ लागली, आणि अनेक नव्या प्लॅटफॉर्मवर ती बंद करण्याची मुभाही नाही.

तिची किंमत मेमरीत मोजावी लागते. मार्ग वापरात असो वा नसो, त्याची नोंद असतेच. संस्थेच्या आतील काही हजार मार्गांसाठी हा खर्च नगण्य आहे. परंतु इंटरनेटच्या सीमेवरील राउटरने सेवादात्याकडून संपूर्ण बीजीपी टेबल घेतले, तर आज आयपीव्ही४ चेच नऊ लाखांहून अधिक मार्ग येतात. मेमरी अपुरी पडली तर आयओएस सीईएफ बंद करते, तसा संदेश लॉगमध्ये लिहिते आणि ती पुन्हा चालू करण्यासाठी आज्ञा द्यावी लागेल असेही त्यात सांगते. ज्या नेटवर्कमध्ये लॉगमधला हा संदेश कोणी वाचत नाही, तिथे राउटर हळू झाल्याची तक्रार वापरकर्त्यांकडूनच येणार. एकाच सेवादात्याशी जोडलेल्या संस्थेने संपूर्ण टेबल घेऊ नये आणि केवळ डीफॉल्ट मार्गावर (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीच्या एकाच मार्गावर) भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हार्डवेअरमध्ये काम करणाऱ्या यंत्रांवर हीच मर्यादा अधिक कठोर असते, कारण तिथे एफआयबी टीकॅम नावाच्या ठरावीक आकाराच्या मेमरीत उतरवावी लागते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाच्या आयपीव्ही४ टेबलाने ५१२ हजारांचा टप्पा ओलांडला. कॅटॅलिस्ट ६५०० आणि ७६०० मालिकेतील, मूळ मांडणीत (डीफॉल्ट कॉन्फिगरेशनमध्ये) तेवढ्याच मार्गांसाठी जागा राखून ठेवणाऱ्या यंत्रांवर उरलेल्या नोंदी सॉफ्टवेअरकडे आल्या आणि अनेक ठिकाणी सेवा विस्कळीत झाली. मोठ्या क्षमतेच्या कार्डांवर एकूण दहा लाख नोंदींची जागा होती. ती आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांत वेगळ्या प्रमाणात वाटून यंत्र पुन्हा सुरू केले की काम भागत असे. सीईएफ चालूच होती, तरीही पॅकेट्स तिच्या मार्गावरून खाली घसरली.

आता त्या घसरण्याविषयी. सीईएफला ज्या पॅकेटचे काय करावे हे ठरवता येत नाही, ते ती प्रोसेसरकडे वर ढकलते. याला पंट होणे म्हणतात. टीटीएल संपलेली, हेडरमध्ये आयपी ऑप्शन्स असलेली आणि खुद्द राउटरच्याच पत्त्यावर आलेली पॅकेट्स या मार्गाने जाणारच, आणि त्यांचे प्रमाण सहसा कमी असते. चिंता कराव्यात अशा गोष्टी मांडणीतून येतात. ॲक्सेस लिस्टच्या, म्हणजे कोणती पॅकेट्स जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या यादीच्या, नियमाला ‘लॉग’ शब्द जोडला की त्याच्याशी जुळणारी पॅकेट्स अनेक प्लॅटफॉर्मवर प्रोसेसरकडे जातात. असा नियम यादीच्या शेवटी ‘सगळे नाकारा’ या ओळीवर असेल, तर बाहेरून येणारा प्रत्येक स्कॅन प्रोसेसरपर्यंत पोहोचतो.

याहून फसवी चूक स्थिर मार्ग लिहिताना होते. इथरनेटवरील डीफॉल्ट मार्ग नेक्स्ट हॉपचा पत्ता न देता नुसत्या इंटरफेसकडे दाखवला, तर राउटर सगळे इंटरनेट त्या एका तारेवर थेट जोडलेले आहे असे समजतो आणि प्रत्येक गंतव्यासाठी वेगळी एआरपी विचारणा करतो. पलीकडच्या यंत्रावर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्यांच्या वतीने उत्तर देण्याची सोय) चालू असेल तर उत्तरेही मिळतात, आणि काही बिघडले आहे हे ध्यानातही येत नाही. मात्र ॲडजेसन्सी तक्ता फुगत जातो आणि प्रत्येक नव्या ठिकाणचे पहिले पॅकेट पंट होते. म्हणजे टाकून दिलेली फास्ट स्विचिंग एका ओळीच्या मांडणीतून मागच्या दाराने परत आणलेली असते. थेट जोडलेले सबनेट फार मोठे असेल तेव्हाही असेच घडते: आत नसलेल्या पत्त्यांचा कोणी शोध घेऊ लागला की ग्लीन प्रकारच्या, म्हणजे मॅक पत्ता अजून शोधायचा असलेल्या, ॲडजेसन्सीमुळे प्रत्येक पत्त्यासाठी एआरपीचे काम प्रोसेसरवर येते. सीईएफवर माझा काही आक्षेप असेल तर तो इथेच. ही स्थिती दाखवणारी माहिती तिच्याकडे असते, पण ती आपणहून सांगत नाही.

तपासणी अवघड नाही. ‘शो प्रोसेसेस सीपीयू’ या आज्ञेच्या पहिल्या ओळीत दोन टक्केवाऱ्या तिरक्या रेषेने जोडलेल्या असतात. पहिली एकूण वापराची आणि दुसरी इंटरप्टमधील कामाची. सॉफ्टवेअर राउटरवर दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच चढलेले असतील तर यंत्र सीईएफनेच चालले आहे, पण वाहतूक त्याच्या कुवतीबाहेर गेली आहे. तिथे मोठा राउटर घ्यावा लागतो. पहिला आकडा चढलेला, दुसरा खाली आणि यादीत ‘आयपी इनपुट’ वरच्या स्थानी असेल, तर पॅकेट्स पंट होत आहेत. तिथे पैसे खर्च करण्याआधी मांडणी वाचावी. कोणत्या इंटरफेसवर हे घडते ते ‘शो इंटरफेसेस स्टॅट्स’ सांगते. तिथे ‘रूट कॅशे’ या ओळीत सीईएफने गेलेली पॅकेट्सही मोजली जातात, त्यामुळे त्या नावावरून फास्ट स्विचिंग चालू असल्याचा निष्कर्ष काढू नये.

भार विभागणी हा एकमेव मुद्दा असा आहे, जिथे सीईएफ निवडल्यानंतरही खरोखर निर्णय घ्यावा लागतो. मूळ मांडणीत ती स्रोत आणि गंतव्य या दोन पत्त्यांवरून हॅश (ठरावीक सूत्राने निघणारा आकडा) काढते आणि १६ कप्प्यांपैकी एकात तो प्रवाह टाकते. त्यामुळे एका जोडीतील सगळी पॅकेट्स एकाच दुव्याने, क्रम न मोडता जातात. पॅकेटगणिक विभागणीचा पर्यायही आहे. दोन्ही दुवे सारखे भरलेले दिसावेत म्हणून तो निवडण्याचा मोह होतो, पण दोन दुव्यांच्या विलंबात थोडा जरी फरक असला तरी पॅकेट्स उलटसुलट पोहोचतात. टीसीपीला सारखी पोचपावती तीन वेळा आली की ती पॅकेट हरवल्याचे मानून पुन्हा पाठवते आणि वेग घटवते. आवाजाच्या वाहतुकीत तर उशिरा आलेले पॅकेट टाकूनच द्यावे लागते. आलेखावर दोन रेषा समान दिसण्यासाठी ही किंमत मोजणे मला पटत नाही.

तरीही मूळ पर्याय सगळीकडे पुरतो असेही नाही. दोन कार्यालयांमधील सगळी वाहतूक एकाच आयपीसेक किंवा जीआरई टनेलमधून (पॅकेट्स दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणाऱ्या जोडणीतून) जात असेल, तर वाटेतील राउटरला पत्त्यांची एकच जोडी दिसते आणि दुसरा दुवा रिकामा राहतो. त्यावर दोन टनेल बांधणे हा पॅकेटगणिक विभागणीपेक्षा शहाणपणाचा उपाय आहे. मोजक्या सर्व्हरांमध्ये मोठ्या फायलींच्या प्रती जात असतील, तर हॅशमध्ये पोर्ट क्रमांक धरणारा पर्याय वापरावा. राउटरांच्या एकापाठोपाठ एक अशा पायऱ्या असतील आणि सगळे तोच हॅश काढत असतील, तर पहिल्या पायरीवर डावीकडे गेलेले प्रवाह दुसऱ्या पायरीवरही डावीकडेच जातात. ‘युनिव्हर्सल’ अल्गोरिदममध्ये प्रत्येक राउटरचा स्वतःचा वेगळा आकडा हॅशमध्ये मिसळला जातो, आणि तो दोष टळतो. विशिष्ट जोडी कोणत्या दुव्याने जाईल हे ‘शो आयपी सीईएफ एक्झॅक्ट-रूट’ ही आज्ञा सांगते; वादविवादात तिचा उपयोग फार होतो.

अनेक लाइन कार्डे असलेल्या यंत्रांवर वितरित सीईएफ मिळते, तिच्यात एफआयबीची प्रत प्रत्येक कार्डावर असते आणि मुख्य प्रोसेसर पॅकेट्सच्या वाटेतून बाजूला होतो. प्रती अनेक झाल्या की त्यांच्यात विसंगती येण्याची शक्यताही आली. एकाच कार्डावरून येणारी वाहतूक चुकीच्या दिशेला जात असेल, तर मुख्य तक्ता पाहून थांबू नये, त्या कार्डावरील प्रत पाहावी.

सिस्कोबाहेरचे राउटर घेणाऱ्यांना सीईएफ हे नाव भेटणार नाही, पण तत्त्व भेटेल. ज्युनिपरने १९९८ मधील एम४० पासूनच मार्ग ठरवणारे इंजिन आणि पॅकेट्स पुढे नेणारे इंजिन वेगळे ठेवले. सर्व्हरवर चालणाऱ्या राउटरांमध्ये व्हीपीपी हे मुक्त सॉफ्टवेअर एकेका पॅकेटऐवजी २५६ पर्यंत पॅकेट्सचा जथा एकत्र हाताळते, त्यामुळे प्रोसेसरची कॅशे मेमरी चांगली वापरली जाते. तिथेही तक्ता आधीच भरलेला असतो. विक्रेता कोणताही असो, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: तक्त्यात आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे किती मार्ग मावतात, तो भरल्यावर पॅकेट्सचे काय होते, आणि ॲक्सेस लिस्ट, नॅट (पत्ते बदलण्याची सोय) व एन्क्रिप्शन चालू असताना लहान पॅकेट्ससाठी सेकंदाचा आकडा किती राहतो. माहितीपत्रकातील सर्वांत मोठा आकडा बहुधा ही वैशिष्ट्ये बंद ठेवून मोजलेला असतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे आणि शक्य असेल तर स्वतःच्या मांडणीवर चाचणी केल्याशिवाय खरेदी पक्की करू नये.